कोळंबीच्या तलावातला ऑक्सिजन सेन्सरने नेमका कसा मोजायचा

तलावात ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो पहाटे, साधारण चार ते सहाच्या दरम्यान. रात्रभर कोळंबी, शेवाळ, पाण्यातले जिवाणू आणि तळाचा गाळ ऑक्सिजन वापरत राहतात, आणि उजेड नसल्यामुळे शेवाळ नवा ऑक्सिजन तयार करत नाही. व्हॅनामेई जातीच्या कोळंबीसाठी ऑक्सिजन ४ मिग्रॅ/लि (लिटरमागे मिलिग्रॅम) च्या वर ठेवायचा आणि ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, हे बहुतेक प्रकल्पांवर पाळलं जातं. चार आणि तीन यांच्यात अंतर एवढं थोडं आहे की मीटर अर्ध्या मिलिग्रॅमने चुकला तरी एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावायचा की नाही हा निर्णय चुकतो. म्हणून मीटर विकत घेण्याइतकंच तो नीट वापरणं महत्त्वाचं.

मीटर काय मोजतो आणि काय मोजत नाही

कुठलाही डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) प्रोब, म्हणजे मीटरचा पाण्यात बुडवायचा सेन्सर, पाण्यातले मिलिग्रॅम थेट मोजत नाही. त्याला कळतो तो फक्त ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब. स्क्रीनवर दिसणारा मिग्रॅ/लि चा आकडा मीटर हिशेबाने काढतो. या हिशेबाला तीन गोष्टी लागतात: पाण्याचं तापमान, पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा) आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून घेण्याच्या, वेळचा हवेचा दाब. तापमान प्रोब स्वतःच घेतो. उरलेल्या दोन गोष्टी बऱ्याच साध्या मीटरमध्ये हाताने भराव्या लागतात, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

हवेशी पूर्ण समतोल साधलेल्या पाण्यात समुद्रसपाटीला किती ऑक्सिजन मावतो ते खालच्या तक्त्यात मिग्रॅ/लि मध्ये दिलं आहे. पीपीटी म्हणजे हजार भाग पाण्यात किती भाग क्षार. याची प्रत काढून तलावावरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवा.

| तापमान °से | गोडं पाणी | १० पीपीटी | २० पीपीटी | ३० पीपीटी |
|---|---|---|---|---|
| २२ | ८.७४ | ८.२५ | ७.७८ | ७.३४ |
| २४ | ८.४२ | ७.९५ | ७.५१ | ७.०९ |
| २६ | ८.११ | ७.६७ | ७.२५ | ६.८५ |
| २८ | ७.८३ | ७.४० | ७.०० | ६.६२ |
| ३० | ७.५६ | ७.१५ | ६.७७ | ६.४१ |
| ३२ | ७.३१ | ६.९२ | ६.५५ | ६.२१ |

३० अंशांची ओळ पाहा. गोड्या पाण्यात ७.५६ आणि २० पीपीटीच्या पाण्यात ६.७७, पण प्रोबला दोन्हीकडे जाणवणारा दाब एकच. मीटरमध्ये सॅलिनिटी शून्यावर राहिली आणि तलाव २० पीपीटीचा असला, तर मीटर सुमारे बारा टक्के जास्त दाखवतो. स्क्रीनवर ४.० दिसतं तेव्हा पाण्यात ३.६ च असतं. हा बिघाड नव्हे, त्यामुळे मीटर कुठलीही सूचना देत नाही. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर पाण्यातून सॅलिनिटी दाखवणारं हातातलं उपकरण) सॅलिनिटी बघून आकडा मीटरमध्ये भरायचा. पावसाळ्यात तर प्रत्येक मोठ्या सरीनंतर.

हवेच्या दाबाचा प्रश्न पालघर, अलिबाग, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर फारसा येत नाही. घाटमाथ्यावर येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे; तिथला खरा दाब ९४७ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. मोबाइलवरचं हवामानाचं अॅप मात्र १०१० सारखा आकडा दाखवतं, कारण तो समुद्रसपाटीला आणून मांडलेला दाब असतो. तो मीटरमध्ये भरला की प्रत्येक रीडिंग सहा-सात टक्के जास्त येतं. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे टाक्यांमध्ये मासे वाढवणाऱ्यांनी जागेवरचाच दाब घ्यावा. मीटरला पाऱ्याचे मिलिमीटर हवे असतील तर हेक्टोपास्कलला ०.७५ ने गुणा. अंगचा दाबमापक असलेला मीटर घेतला तर ही कटकटच राहत नाही.

तीन प्रकारचे प्रोब

पोलारोग्राफिक प्रोब लेलँड क्लार्क यांच्या १९५० च्या दशकातल्या रचनेवर आधारलेला आहे. पातळ प्लास्टिकच्या पडद्यामागे प्लॅटिनमचा किंवा सोन्याचा कॅथोड आणि चांदीचा अॅनोड अशी विजेची दोन टोकं असतात, मध्ये पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण. मीटर त्यांच्यावर साधारण ०.८ व्होल्टचा दाब देतो. पडद्यातून आत आलेला ऑक्सिजन कॅथोडवर संपतो आणि त्यातून निघणारा विद्युतप्रवाह ऑक्सिजनच्या प्रमाणात असतो. हा प्रोब चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं स्थिर व्हायला लागतात. त्याआधी कॅलिब्रेट केला तर पुढचं सगळं चुकतं.

गॅल्व्हानिक प्रोबमध्ये चांदीच्या कॅथोडसोबत जस्ताचा किंवा शिशाचा अॅनोड असतो. ही जोडी स्वतःच बॅटरीसारखं काम करते, म्हणून बाहेरून व्होल्टेज लागत नाही आणि मीटर चालू करताच प्रोब तयार असतो. पण मीटर बंद असतानाही ऑक्सिजन मिळतो तोवर अॅनोड झिजत राहतो.

या दोन्ही प्रोबचा एक गुण कायम लक्षात ठेवावा लागतो: ते ऑक्सिजन खातात. पडद्यालगतचं पाणी हललं नाही तर तिथला ऑक्सिजन संपतो आणि रीडिंग हळूहळू खाली घसरतं. शिवाय पडद्याची पारगम्यता (ऑक्सिजन आरपार जाऊ देण्याची क्षमता) दर अंशाला तीन-चार टक्के बदलते, त्यामुळे तापमान मोजण्यातली चूक इथे महागात पडते.

ऑप्टिकल प्रोबच्या कॅपवर एका रंगद्रव्याचा थर असतो. आतला निळा दिवा त्यावर पडला की थर लालसर चमकतो. ऑक्सिजन जितका जास्त, तितकी ती चमक लवकर विझते. मीटर चमकेची तीव्रता न बघता ती किती वेळ टिकते ते मोजतो, म्हणून दिव्याचा जोर थोडा कमी झाला तरी रीडिंग सहसा बिघडत नाही. हा प्रोब ऑक्सिजन वापरत नाही, ढवळावा लागत नाही, आणि तळाच्या काळ्या गाळातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने खराब होत नाही. सल्फाइड पडद्याच्या प्रोबमध्ये शिरलं की चांदीवर काळा सल्फाइडचा थर बसतो. ऑप्टिकल कॅप मात्र साधारण एक-दोन वर्षांनी बदलावी लागते.

घ्यायचा झाला तर तलावासाठी ऑप्टिकलच घ्यावा. कोळंबी तळाशी राहते, मोजायचं तळाशी असतं, आणि सल्फाइडही तिथेच असतं. पैसे कमी असतील आणि दर महिन्याला पडदा व द्रावण बदलणारा माणूस ठरलेला असेल, तर गॅल्व्हानिकही चालतो. केबल किमान चार मीटरची हवी, नाहीतर प्रोब बांधाच्या कडेलाच पडतो आणि तिथलं पाणी तलावाची खरी स्थिती सांगत नाही.

पडदा आणि द्रावण बदलणं

ऑप्टिकलवाल्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. कॅप उघडून जुनं द्रावण टाकून द्या आणि डिस्टिल्ड पाण्याने आतला भाग धुवा. कॅथोड काळपट झाला असेल तर उत्पादकाने दिलेल्या बारीक पॉलिश पेपरने, नाहीतर ४०० ग्रिटच्या ओल्या कागदाने दोन-तीन वेळाच हलकं घासा. चकाकी आणण्यासाठी घासत बसू नका. पोलारोग्राफिकचा चांदीचा अॅनोड मळकट असेल तर ३ टक्के अमोनियाच्या द्रावणात रात्रभर ठेवून भरपूर पाण्याने धुवावा. गॅल्व्हानिकच्या जस्तावर साचलेली पांढरी पूड पुसून काढायची.

नव्या कॅपमध्ये द्रावण काठोकाठ भरा, बाजूने टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि कॅप सावकाश फिरवून बसवा, जास्तीचं द्रावण बाहेर येऊ द्या. पडद्याखाली बुडबुडा राहिला तर प्रोब संथ होतो आणि तापमान बदललं की रीडिंग भरकटतं. तो दिसला तर परत उघडून पहिल्यापासून करा. पडद्यावर सुरकुती चालत नाही, बोटही लावायचं नाही, त्वचेचं तेल राहतं. काही गॅल्व्हानिक प्रोबमध्ये द्रावण म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच भरा. बदलल्यानंतर काही तास, जमल्यास रात्रभर, प्रोब ओलसर जागी ठेवा आणि मगच कॅलिब्रेट करा.

कॅलिब्रेशन

सर्वांत भरवशाची पद्धत पाण्याने संपृक्त, म्हणजे मावेल तितकी वाफ असलेल्या, हवेतली आहे. अशा हवेतला ऑक्सिजनचा दाब संपृक्त पाण्यातल्या इतकाच असतो, आणि त्यासाठी ना हवा सोडायचा पंप लागतो ना तासभर वाट पाहावी लागते.

१. प्रोब सावलीत आणा. उन्हात तापलेला प्रोब आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.
२. प्रोब धुवून पडद्यावरचा किंवा कॅपवरचा आणि तापमान सेन्सरवरचा थेंब मऊ कापडाने टिपून घ्या. पडद्यावर एक थेंब राहिला तरी रीडिंग कमी येतं.
३. कॅलिब्रेशन कपात तळाला जेमतेम तीन मिलिमीटर पाणी घाला किंवा ओला स्पंज ठेवा. प्रोब पाण्याला टेकता कामा नये.
४. कप पूर्ण आवळू नका, एक-दोन आटे सैल ठेवा. घट्ट आवळला तर आत दाब वाढतो.
५. पाच ते दहा मिनिटं थांबा. तापमानाचा आकडा हलायचा थांबला की हवेचा दाब भरून कॅलिब्रेट करा. पोलारोग्राफिक असेल तर आधीची पंधरा मिनिटं वेगळी धरा.

कॅलिब्रेशननंतर टक्केवारी (मावू शकणाऱ्या ऑक्सिजनच्या किती टक्के आहे तो आकडा) बघून गोंधळू नका. काही मीटर जागेच्या दाबाला १०० टक्के धरतात, काही समुद्रसपाटीच्या दाबाला. दुसऱ्या प्रकारचा मीटर पुण्यात ९३-९४ टक्के दाखवेल, आणि ते बरोबर असतं.

ऑक्सिजन नसलेल्या द्रावणात प्रोब शून्य दाखवतो का, हे रोज बघायची गरज नाही. नवा पडदा किंवा नवी कॅप बसवल्यावर, आणि मग महिन्यातून एकदा पुरे. अर्धा लिटर पाण्यात ८ ते १० ग्रॅम सोडियम सल्फाइट विरघळवा. द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं, कारण उघड्या हवेत ते ऑक्सिजन शोषून निकामी होतं. प्रोब बुडवून पाच मिनिटांत ०.१ च्या आसपास आला पाहिजे. नंतर प्रोब भरपूर पाण्यात, कपाच्या कोपऱ्यांसकट, धुवून काढा. उरलेलं सल्फाइट पुढच्या कॅलिब्रेशनच्या वेळी कपातला ऑक्सिजन खातं, आणि मग पूर्ण आठवडाभर मीटर जास्त दाखवतो.

तलावावर मोजणं

केबलला दर २५ सेंटिमीटरवर रंगीत टेपने खुणा करा आणि प्रोबच्या वर छोटं वजन बांधा. दोन खोल्यांवर मोजायचं: पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटर खाली, आणि तळाच्या २० ते ३० सेंटिमीटर वर. प्रोब गाळात टेकला तर गाळातलं रीडिंग येतं, पाण्यातलं नाही. जागा एअरेटरच्या प्रवाहाच्या विरुद्ध कोपऱ्यातली निवडा. पॅडल व्हील एअरेटरसमोर मोजलेला आकडा तलावातली सर्वांत सुखाची जागा दाखवतो, आणि आपल्याला हवी असते सर्वांत अडचणीची.

पडद्याचा प्रोब असेल तर तो पाण्यात आडवा, सेकंदाला साधारण एक फूट वेगाने हलवत राहा. वर-खाली हलवला तर दोन थरांचं पाणी मिसळतं. ऑप्टिकल प्रोब स्थिर धरला तरी चालतो, पण तोही तापमानाला येईपर्यंत मिनिट-दीड मिनिट धरावा लागतो. तापमान स्थिर झालं, मग ऑक्सिजन स्थिर झाला, तेव्हाच लिहा. वहीत वेळ, खोली, तापमान, सॅलिनिटी, मिग्रॅ/लि आणि टक्के असे सहाही आकडे लिहा. नंतर सॅलिनिटी चुकीची भरल्याचं लक्षात आलं तर टक्केवारीवरून आणि वरच्या तक्त्यावरून खरा आकडा काढता येतो, कारण टक्केवारीवर सॅलिनिटीचा परिणाम होत नाही.

कोकणातल्या पावसाळ्यात एक गोष्ट विशेष बघावी लागते. जोराच्या पावसानंतर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. वरच्या थरात ६ दाखवतं आणि तळाशी २ असू शकतं, कारण दोन्ही थर मिसळतच नाहीत. अशा वेळी तळाची सॅलिनिटीही वेगळी असते. दोरीला बांधलेल्या बाटलीने तळाचं पाणी काढून रिफ्रॅक्टोमीटरवर बघा आणि तळाच्या रीडिंगसाठी तीच सॅलिनिटी भरा. वरचं गोडं पाणी बाहेर सोडण्याचा निर्णयही या दोन आकड्यांवरच घेता येतो.

दुपारी मीटर १०० टक्क्यांच्या वर गेला की अनेकांना तो बिघडल्यासारखा वाटतो. हिरव्या तलावात ते साहजिक आहे. ३० अंशांना, २० पीपीटीच्या पाण्यात १० मिग्रॅ/लि म्हणजे १४८ टक्के. दुपारचा आकडा जितका उंच, तितका शेवाळाचा जोर जास्त आणि पहाटेची घसरणही मोठी. दुपारच्या १० वर निर्धास्त राहू नये.

पहाटेचा अंदाज रात्रीच काढता येतो. अंधार पडल्यावर ऑक्सिजन साधारण सरळ रेषेत उतरतो. समजा रात्री आठला ७.० आणि दहाला ६.२ आलं. दोन तासांत ०.८, म्हणजे तासाला ०.४. पहाटे पाचपर्यंत अजून सात तास, म्हणजे आणखी २.८ कमी होऊन ३.४ वर येणार. पाहणी पहाटे करण्याआधीच, रात्री बाराला एअरेटर लावायचा हे दहा वाजताच कळतं. हा हिशेब त्या दोन तासांत एअरेटर चालू-बंद केला नसेल आणि पाणी बदललं नसेल तरच बसतो. आभाळ भरलेल्या दिवसानंतर तर हे दोन रीडिंग चुकवूच नयेत.

कायम पाण्यात टांगलेला प्रोब

दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपला खालच्या भागात भरपूर भोकं पाडा, तो बांबूला बांधा आणि प्रोब त्यात ४५ अंश कलता ठेवा. सरळ खाली तोंड केलेल्या प्रोबवर हवेचे बुडबुडे अडकतात आणि रीडिंग उगाच उसळतं. सांडपाणी प्रक्रियेच्या एअरेशन टाकीतही, जिथे दीड-दोन मिग्रॅ/लि राखायचं असतं, प्रोब याच कारणाने कलता बसवतात.

खरा शत्रू म्हणजे बुळबुळीत थर. तो कॅपवर बसला की प्रोब तलाव न मोजता थराचाच श्वास मोजतो: रात्री कमी, आणि थरात शेवाळ असेल तर दुपारी जास्त. आलेख सुंदर दिसतो पण चढ-उतार खोटे असतात. कोमट दिवसांत दोन-तीन दिवसांनी मऊ ओल्या कापडाने पुसा. अल्कोहोल, अॅसिटोन किंवा कुठलाही सॉल्व्हंट ऑप्टिकल कॅपला लावू नका. रंगद्रव्याचा थर खराब होतो. पुसण्याआधीचं आणि पुसल्यानंतरचं रीडिंग दोन्ही लिहा. फरक ०.३ च्या वर जायला लागला की साफ करण्याचा अवधी कमी करा. खाऱ्या पाण्यात पाइपवर बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) धरतात, तेही वरचेवर खरवडावे लागतात, नाहीतर भोकं बुजतात आणि आतलं पाणी साचतं.

स्वतः बांधलेला मॉनिटर

गॅल्व्हानिक प्रोब, त्याचं अॅम्प्लिफायर बोर्ड आणि ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर घेऊन मॉनिटर बांधता येतो. ऑप्टिकल सेन्सर घरी बांधायच्या फंदात पडू नये. चमकेची वेळ मोजणारं इलेक्ट्रॉनिक्स आणि रंगद्रव्याचा थर दोन्ही सोपं नाही. ईएसपी३२ चा अंगचा एडीसी (व्होल्टेजचं आकड्यांत रूपांतर करणारा भाग) टोकांना सरळ रेषेत चालत नाही, म्हणून एडीएस१११५ हा वेगळा १६ बिटांचा एडीसी लावा. तापमानाला जलरोधक डीएस१८बी२० सेन्सर, त्याच्या डेटा वायरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पॉझिटिव्हकडे.

हिशेब असा: (आताचा व्होल्टेज वजा शून्याचा व्होल्टेज) भागिले (संपृक्त व्होल्टेज वजा शून्याचा व्होल्टेज), गुणिले त्या तापमानाची आणि सॅलिनिटीची तक्त्यातली संपृक्तता. गोची ‘संपृक्त व्होल्टेज’मध्ये आहे. पडद्यामुळे तो तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे एकाच तापमानाला कॅलिब्रेट करून भागत नाही. एकदा २२ अंशांच्या आणि एकदा ३२ अंशांच्या पाण्यात, दोन्ही वेळा हवेच्या पंपाने तासभर बुडबुडे सोडून, व्होल्टेज नोंदवा आणि मधली किंमत सरळ रेषेने काढा.

त्याच पाण्यात पीएचचा प्रोब टाकलात आणि दोन्ही बोर्डांचा ग्राउंड एक असला, तर पाण्यातून प्रवाह वाहून दोन्ही रीडिंग बिघडतात. ओळखायचं सोपं आहे: पीएच प्रोब बाहेर काढला की डीओचा आकडा उडी मारतो. उपाय म्हणजे प्रत्येक बोर्डाला वेगळा आयसोलेटेड पुरवठा आणि सिग्नल आयसोलेटर. एअरेटरची मोटर सुरू होताना येणारा झटका घालवण्यासाठी एका मिनिटात वीस-तीस रीडिंग घेऊन, ती चढत्या क्रमाने लावून त्यातलं मधलं घ्या. सरासरी घेऊ नका, एक खोटा आकडा सरासरी ओढून नेतो.

रीडिंग बिघडलं तर

शून्य द्रावणात प्रोब खाली येत नसेल, तर आधी द्रावण ताजं बनवा. तरीही नाही आला तर पडद्याला भोक आहे किंवा खाली बुडबुडा आहे. आकडा केबल हलवली की उड्या मारत असेल तर कनेक्टरमध्ये ओल आहे. खारं पाणी एकदा शिरलं की पिना हिरवट होतात. संथपणा, म्हणजे स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं, हे मळलेल्या पडद्याचं लक्षण. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या तलावात क्लोरीन जाईपर्यंत पडद्याचा प्रोब टाकू नका. क्लोरीनही कॅथोडवर ऑक्सिजनसारखंच वागतं आणि रीडिंग खोटं वाढतं.

ऑप्टिकल कॅप कोरडी पडली असेल तर स्वच्छ पाण्यात चोवीस तास भिजवून मगच कॅलिब्रेट करा. नवी कॅप बसवल्यावर तिच्यासोबत आलेले गुणांक किंवा कोड मीटरमध्ये भरायला विसरू नका. कॅप थेट उन्हात उघडी ठेवू नका, रंगद्रव्य फिकं पडतं. आणि महिन्यातून एकदा प्रोबचं तापमान काचेच्या थर्मामीटरशी जुळवून बघा. एका अंशाची चूक सगळ्या हिशेबात शिरते.

विंकलरने पडताळणी

लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली ही रासायनिक पद्धत अजूनही सेन्सरची खरी परीक्षा घेते, कारण तिला सॅलिनिटी किंवा हवेचा दाब भरावा लागत नाही. ती मिलिग्रॅमच मोजते. पडताळणी तलावात करू नका, तिथे बाटली आणि प्रोब एकाच पाण्यात असतील याची खात्री नसते. बादलीभर तलावाचं पाणी हवेच्या पंपाने तासभर ढवळा, पंप बंद करून बुडबुडे निघून जाऊ द्या, आणि मग प्रोब व बाटली दोन्ही त्यातून घ्या.

३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटलीत (हवा न अडकता बूच बसणारी प्रयोगशाळेतली काचेची बाटली) नळी तळाला टेकवून पाणी भरा आणि बाटली दोन-तीन वेळा ओसंडून वाहू द्या. पृष्ठभागाखाली १ मिली मँगेनस सल्फेट आणि १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा, हवा न अडकवता बूच लावा आणि उलटसुलट करा. तपकिरी गाळ आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर नाही. गाळ खाली बसू द्या. खाऱ्या पाण्यात त्याला जास्त वेळ लागतो. मग १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून परत हलवा. २०१ मिली द्रावण ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने फिकट पिवळं होईपर्यंत टायट्रेट करा (ब्युरेटमधून मोजून थोडं थोडं घाला), स्टार्च घाला, आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब पुढे न्या. लागलेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे १ मिग्रॅ/लि. अझाइड विषारी आहे आणि आम्ल तीव्र आहे, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच.

मीटर आणि विंकलर यांच्यात ०.२-०.३ चा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर मीटरला दोष देण्याआधी थायोसल्फेटची नेमकी तीव्रता परत तपासून घ्या, कारण जुन्या द्रावणाची तीव्रता उतरते आणि ते जास्त लागल्याने ऑक्सिजन खोटा वाढलेला दिसतो. ते ठीक असेल तर मीटरमधली सॅलिनिटी आणि दाब तपासा. दोन्ही बरोबर भरलेले असूनही फरक ०.५ च्या वर राहिला, तर पडदा किंवा कॅप बदला, आणि त्याच बादलीत परत एकदा जुळवून बघितल्याशिवाय प्रोब तलावात टाकू नका.